नखं

गुरुवारी सकाळी साडेनऊला
टॉडमॉर्डनच्या दवाखान्यात, खोली नंबर चार,
मिस्टर हॅलिवेल आले, काठी टेकत.
यादीत नाव आधीच वाचलं होतं मी.
पाळी बदलून मागता आली असती.
नाही मागितली. का, ते विचारू नका.

मोजे काढायला त्यांना वाकता येत नाही आता.
मी खाली बसले, निळ्या स्टुलावर,
त्यांची टाच मांडीवर घेतली.
साखरेनं बधिर झालेला पाय,
कालव्याकाठच्या दगडासारखा थंडगार.

अकरा वर्षांपूर्वी याच माणसानं
चॅपलच्या मागच्या खोलीत
दानाची थैली माझ्यासमोर तीनदा मोजली होती.
चाळीस पौंड कमी.
तो काही बोलला नाही. फक्त किल्ली
माझ्या हातातून काढून घेतली,
लेकराच्या हातून कात्री घ्यावी तशी, हळूच.

नोटा सापडल्या नंतर. पियानोमागे, धुळीत, दोन विसाच्या.
हे मला पाळकीण हिलरीबाईंनी सांगितलं, अडीच महिन्यांनी, जाता जाता.
किल्ली परत आली नाही.
मीही मागितली नाही.

दोन बोटं झाल्यावर ते म्हणाले,
"सॅगूना, हो म्हण तू. नाव मीच सुचवलंय."
इतक्या वर्षांत माझा 'ण' त्यांच्या जिभेवर बसला नाही.

पत्र तीन आठवडे फ्रीजवर आहे, चुंबकाखाली.
मंडळीनं मला वडील व्हायला बोलावलंय.
बाई, आणि वडील.
इंग्रजीत यात हसण्यासारखं काही नाही.
मराठीत मी स्वयंपाकघरात एकटीच हसले,
मग गॅस बंद करून बसले.

माझे वडील कधी वडील झाले नाहीत.
राहुरीजवळच्या आमच्या चर्चमध्ये
अठ्ठावीस वर्षं घंटा ओढली त्यांनी, चटया झटकल्या,
दारातल्या चपला ओळीत लावल्या,
साहेबांच्या आणि सालगड्यांच्या एकाच ओळीत.
त्यावरून एकदा बोलणीही खाल्ली.
दुसऱ्या रविवारी पुन्हा तीच ओळ.

इथली माणसं प्रार्थनेत घुसखोरीची माफी मागतात.
कुणाच्या कुंपणात पाय पडला, चुकलं, निघालो बाहेर.
आमच्या प्रार्थनेत ऋण आहे.
ऋण म्हटलं की वही आली,
वही म्हटली की दोन बाजू.
त्यांच्या बाजूला चाळीस पौंड, एक किल्ली.
माझी बाजू मी कुणाला दाखवलेली नाही:
त्यांची डोरीन वारली, तेव्हा ड्यूटी आहे म्हणाले मी.
ड्यूटी नव्हती. घरी पडदे धुतले.
आणि आजाऱ्यांची नावं घेताना
नेमका त्यांच्या नावाशी
मला दर रविवारी खोकला यायचा.

अंगठ्याचं नख जाड, पिवळं, मांसात वळलेलं.
घाई केली तर रक्त येतं,
आणि साखरेत जखम भरत नाही.
हत्यार आपल्या हातात, पाय दुसऱ्याचा.
या नोकरीनं एवढंच शिकवलं:
तेव्हाच हात हलका ठेवायचा.

"दुखतंय?"
"तिथं काही कळतच नाही मला."
मग बऱ्याच वेळानं, छताकडे बघत,
"त्या पैशांचं तेव्हा..."
"पाय हलवू नका," मी म्हणाले.

क्षमा झाली का, ठाऊक नाही.
नखं कापून झाली.
बोटांच्या मधे पुसलं, ओल तिथंच राहते.
मोजा चढवला, टाचेची शिवण टाचेवर आणली.
दारापर्यंत त्यांनी माझा खांदा धरला,
आणि काठी माझ्याकडेच राहिली,
म्हणून मला पुन्हा रस्त्यापर्यंत पळावं लागलं.

संध्याकाळी हिलरीबाईंना फोन केला.
हो किंवा नाही ऐकायला त्या थांबल्या होत्या.
मी विचारलं, चॅपलची घंटा हल्ली कोण ओढतं?
कुणीच नाही, त्या म्हणाल्या, दोर कुजलाय कधीचा.
बाहेर टेकडीवर अंधार उतरत होता.
दोर, मी म्हणाले, किती हात लागेल?