तिसऱ्या ओळीआधीचा खोकला

पालिकेचा माणूस फॉर्म देऊन गेला.
घणसोलीच्या भुयारी मार्गाला त्याचं नाव द्यायचंय,
तर जीवनपरिचय हवा, दहा ओळींत,
आणि फोटो, शक्यतो टोपीशिवाय.

टोपीशिवाय मी त्याला कधी पाहिलंच नाही.

लिहा : हर्षद हसुराम मढवी, मुक्काम तळवली,
पाणीखात्यात व्हॉल्व्हमन, कंत्राटी.
पहाटे साडेचारला लोखंडी चावी खांद्यावर टाकून
सेक्टरांना पाणी सोडायचा,
एकेका व्हॉल्व्हला बावीस आटे,
आटे मोजता मोजता शब्द बसवायचा.
म्हणून त्याच्या ओळी लांब. यमक बाविसाव्या आट्याला.
रात्री तो खाजण.
हे नाव त्याने स्वतःच घेतलं,
कारण गावापुढचं खाजण
कुठल्याच कागदावर उरलं नव्हतं.

माझं सायबर कॅफे कोपरखैरण्यात, तासाला वीस रुपये.
चोरीचं सॉफ्टवेअर, चायना माइक,
माइकवर माझा मोजा, धुतलेला.
रबाळ्यातल्या प्रेस मशिनचा आवाज
कुंपणाबाहेर उभं राहून मोबाइलवर घेतला :
धड्, धड्, मध्ये हवा सुटल्याचा सुस्कारा.
तो आमचा पहिला ठेका.
वॉचमन शिव्या देतोय, तेही त्यात आलंय.

वाशीच्या कॉलेजात पोरं हसली.
रॅप म्हणजे इंग्रजी, फार तर हिंदी.
हा काय हळदीला आलाय का, कुणीतरी ओरडलं.
तो थांबला. "हय, हलदीलाच आयलू.
नवरा कोन हाय तुमच्यान?"
आणि मग सोडली ती ओळ :
तुजा टावर हुबा माजे बापाचे मिठावर.
हसू थांबलं, असं नाही.
पण मागच्या रांगेत एक पोरगा उभा राहिला
आणि खाली बसायचं विसरला.

शिकलास कुठे, मी विचारायचो.
परदेशातलं एखादं नाव येईल म्हणून वाट बघायचो.
तो चांगुणाआत्याचं नाव घ्यायचा.
धवलारीण. लग्नात देवांना एकेक करून
आवतण द्यायची, रात्रभर, तोंडात दात नसताना.
"ओल सपते तयं दम घेव नको," म्हणायची,
"तयं कोनीतरी मदी घुसतं.
शब्दाचे पोटान घे."

साडेबारा टक्क्यांच्या भूखंडातला त्याचा वाटा
भावाभावांत विरघळला.
त्यावर त्याने काही केलं नाही.
"त्याला ठेका बसं नाय," एवढंच.

चाळिशीत गेला. फुप्फुसं.
रबाळ्याच्या हवेने, असं लिहिलं तर फॉर्मवर शोभेल.
पण दिवसाला दोन पाकिटं ओढायचा,
अर्धी माझ्या पैशाने.

अकरा ट्रॅक होते. हार्ड डिस्क माझ्या कपाटात,
हलवली की आत काहीतरी खुळखुळतं.
उरला एकच, कुणीतरी ब्लूटूथवर घेतलेला,
तोही कच्चा : तिसऱ्या ओळीआधी तो खोकतो.
पुन्हा घेऊ म्हटलं होतं.
तेवढ्यात वीज गेली. मग त्याची पाण्याची वेळ झाली.

परवा त्याच भुयारी मार्गात
आठ-दहा पोरं गोल करून उभी होती.
मध्ये एक मुलगी, अकरा-बारा वर्षांची,
बोली सोलापूरकडची, पायांत मोठ्या भावाचे बूट.
दोन ओळी म्हणाली, खोकली,
मग तिसरी.
मी विचारलं, सर्दी झाली का गं?
तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं नवख्याकडे बघतात.
"काका, तिथं खोकायचंच असतंय."
कुणी सांगितलं?
"सांगायचं काय त्यात? असतंयच."

घरी येऊन फॉर्म भरला.
'योगदान' या रकान्यात लिहिलं : खोकला.

आज पालिकेतून फोन आला.
बाई अदबीने म्हणाल्या, सर, चुकून झालंय बहुतेक,
ते मृत्यूच्या कारणात घेऊ का?

नको, म्हटलं. आहे तिथेच राहू द्या.