मागील पत्ते

लोर्ना केस्किनेनच्या पत-अहवालात
कर्जांच्याही आधी, पहिल्याच पानावर
सात पत्ते आहेत.

मी पतपेढीत खिडकीपाशी बसतो
आणि लोकांना त्यांचे अहवाल वाचून दाखवतो.
डुलुथ, मिनेसोटा. नोव्हेंबर.
सरोवरावरचा वारा दाराच्या फटीतून आत येतो
आणि आधी माझे घोटे शोधतो.

ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून थेट आलेली,
हातांना ब्लीचचा वास.
गाडीसाठी कर्ज हवंय. जुनीचा गिअर चढावर सुटतो,
आणि या गावात चढाशिवाय आहे काय?

सारखी घरं बदलली की गुण कापतात ना?
नाही, मी म्हणतो. पत्त्याला गुण नसतात.
तुम्ही त्या तुम्हीच, एवढंच तो सांगतो.
कधीकधी तेही चुकीचं.

मग ती बोट ठेवत खाली खाली येते.
वेस्ट थर्ड स्ट्रीट. वरच्या मजल्यावर एक बाई पियानो शिकवायची,
रोज तीच चूक, त्याच जागी.
ग्रँड अव्हेन्यू, दोनदा छापलेला,
एकदा खोली क्रमांकासह, एकदा त्याशिवाय,
जणू एकाच बाईची दोन बिऱ्हाडं.
हर्मनटाउनचा ट्रेलर. तिथे बोट थांबत नाही.
त्यानंतरचे चौदा महिने कुठेच नाहीत:
बहिणीचा सोफा, चर्चचं तळघर,
याच गाडीची मागची सीट.
कुणी बिल पाठवलं नाही, म्हणून नोंद नाही.
जिथे आपली उधारी नाही
तिथे आपण राहिलेलोच नसतो.

सातवा पत्ता फार्गोचा. नॉर्थ डकोटा.
"फार्गोला मी जन्मात गेले नाही."

खरं सांगतो, अशा वेळी मला बरं वाटतं.
चूक सापडली की माझं काम सोपं.
त्याच पत्त्याला चिकटलेली विजेची थकबाकी,
तीनशे बारा डॉलर.
तक्रार टाकू, म्हटलं. महिन्याभरात पत्ता निघेल,
त्याच्या मागोमाग थकबाकी.
फॉर्म काढला, पेन सरकवलं.

ती नाव वाचत राहिली.
लोर्ना मे केस्किनेन.
"मधलं नाव मी कुठेच पूर्ण लिहीत नाही.
लोर्ना मे म्हणणारा एकच.
आईला नावाने हाक मारतोस म्हणून
चौथीत असताना थोबाडीत दिली होती त्याला."
कॉर्बिन. सहा वर्षं झाली,
ना फोन, ना पत्ता.

नोंद कधीची आहे?
मार्चची.
"म्हणजे मार्चमध्ये होता," ती म्हणाली.
"मार्चमध्ये त्याला उजेड हवा होता."

ही फसवणूक आहे, मी सांगितलं. सांगावं लागतं.
तिने मान हलवली, गिऱ्हाईक भाव ऐकून हलवतं तशी.
आणि राहू दिलं तर? मला केवढ्याला पडेल?
मी पाकिटामागे हिशोब केला.
व्याज दीड-दोन टक्के जास्त,
म्हणजे महिन्याला एकोणीस डॉलर.
"धुलाईखान्यातला एक तास," ती म्हणाली,
आणि आकडा पुन्हा विचारला नाही.

खाली बंदरात पूल उचलला जात होता,
लोखंडाची माती भरलेलं जहाज भोंगा देत होतं.
भोंगा संपेपर्यंत आम्ही दोघं गप्प.

फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो:
हा पत्ता तुमचा आहे का?
तिने 'होय'पुढे खूण केली.
अशा फॉर्मला पुढे पाठवायची गरज नसते,
तो माझ्या खणात आहे.

पत्ता मात्र तिने तळहातावर उतरवून घेतला,
खोली क्रमांक, पिनकोड, सगळं.
ब्लीचने सोललेल्या कातडीवर शाई नीट उमटेना,
दोनदा गिरवावं लागलं.

कर्जाचं आज राहू द्या, ती म्हणाली.
दारापर्यंत गेली, वळली.
"फार्गोकडचा रस्ता सपाट आहे ना?"

सपाट आहे, मी म्हटलं. चार तास, अगदी टेबलासारखा.
गावाबाहेर पडायचा तेवढा एक चढ.