साडेअकरा इंच

समोरच्या गालाशेठकडून
पृथ्वीचा गोल आणला, तासाभरासाठी उसना.
किमतीची चिठ्ठी हिंदी महासागरावर तशीच.

खारकर आळीत, जिन्याखालच्या या दुकानात
एकेचाळीस वर्षं मापं घेतोय मी लोकांची.
नकाशा काय, कितीदा पाहिला:
मुंबई इथे, कॅलगरी पार तिथे,
मधे अरबस्तान, युरोप, भलंमोठं निळं पाणी.
पण नकाशा म्हणजे फळीवर अंथरलेलं कापड.
अंग तसं नसतं.
टेप फिरवल्याशिवाय
कुणाचं पोट कळलंय?

म्हणून टेपचं पितळी टोक मुंबईवर दाबलं
(ठाणं छापलेलं नाही, सुईच्या टोकाएवढं वर असेल)
आणि दुसरीकडून ओढली ताठ.
तर ती पश्चिमेला जाईचना.
सरळ वर चढली, राजस्थान, पामीर, सायबेरिया,
पृथ्वीच्या टाळूवरून पलीकडे उतरली.
साडेअकरा इंच.
माझ्या नातीची बाही.

जावई म्हणतात, बारा हजार दोनशे किलोमीटर,
सरळ गेलं तर साडेचौदा तास.
सरळ कोण जातं?
मृदुला गेली तेव्हा दारापासून दारापर्यंत एकतीस लागले,
आणि पोचल्यावर घड्याळाने त्यातले साडेबारा परत दिले.
यांचं काय करू, बाबा? तिने फोनवर विचारलं.
बटणं लावून ठेव, म्हटलं.

आता कोट शिवतोय शाल्मलीचा.
उणे तीसचा कोट. ठाण्यात असलं कोण शिवतं?
अस्तर उल्हासनगरहून आणलं, सुई दोनदा मोडली.
माप मृदुलाने बुटाच्या नाडीने घेतलं
आणि नाडी धरली फोनसमोर.
फोनमधून इंच कसा दिसायचा?
शेजारी पाचाचं नाणं धर, म्हटलं.
तिच्याकडे नव्हतं.
मग करंगळी धर.
करंगळी माझ्या ओळखीची आहे,
सातवीत असताना काजं करता करता
तिच्यातून सुई आरपार गेली होती.

कुरिअरवाला म्हणतो, अकरा दिवस.
अडलंच कुठे, तर तीन आठवडे.
विमानाचे तास, पार्सलचे दिवस,
आणि ती पोर
कशासाठीच थांबत नाही.

बाहीत दीड इंच आत दुमडला.
बगलेत पाऊण. घेरात तर
हाताला लागेल तेवढी माया ठेवली.
वरून कच्ची टीप, काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याची.
गिऱ्हाइकाला असं कधी दिलं नसतं.
पण उसवणाऱ्याला दिसायला हवं
कुठून उसवायचं.

संध्याकाळी गोल परत नेला.
गालाशेठ म्हणाले, का हो, घेत नाही?
म्हटलं, नको.
माप घेऊन झालं.