बारदान वजा

पप्पांनी हिशेब मांडला तो तोलपावतीच्या पाठीवर.
पुढच्या बाजूला राजापुरी हळद, त्रेपन्न पोती,
मागच्या बाजूला मी.

पहिल्या वर्षाची फी पंच्याऐंशी हजार,
दुसऱ्याची नव्वद, तिसऱ्याची ‘वाढू शकते’.
सांगली–मिरज पास, दोन पांढरे कोट,
आणि एक रकाना नुसताच आखून ठेवलेला:
इतर.
मार्केट यार्डात चोवीस वर्षं काट्यापाशी उभा असलेला माणूस
‘इतर’ला घाबरतो.

जमेच्या बाजूला मी सांगेन तो आकडा लिहायचा होता.
कॉलेजातल्या बाई फोनवर पंचवीस म्हणाल्या होत्या,
आदल्या वर्षी पास झालेली अलमास शिकलगार अकरा.
मी अठरा म्हणाले.
पप्पांनी माझ्याकडं न बघता चौदा लिहिलं.
"बारदानाचं वजन आधी काढायचं असतंय.
तोलतोय पोतं, पैसे हळदीचे."

आई मध्ये पडली नाही.
सणवार नसताना तिनं पाटल्या काढल्या
आणि रिठ्याच्या पाण्यात घासत बसली.

आतेभाऊ कुंतिनाथनं त्याच जूनमध्ये छोटा हत्ती घेतला,
तासगावकडच्या द्राक्षपेट्या ओढायला.
मी मूत्रपिंडाच्या आकृतीत रंग भरत होते
तोवर त्याचे निम्मे हप्ते फिटले.
दिवाळीत म्हणाला, "तुझी गाडी कधी चालू व्हायची?"
चिडवत नव्हता. खरंच विचारत होता.

झाली चालू. पगार तेरा हजार पाचशे,
हातात बारा आठशे,
त्यातले पाच हजार नऊशे पाच तारखेला बँकेचे.
पप्पा पाचशेनं चुकले.
मला पगाराचं वाईट वाटायच्या आधी
त्याचंच वाटलं.

मिरजेत आठ मशिनी. पहिली पाळी सकाळी सहाची.
येईल त्याला मी आधी काट्यावर उभं करते.
चप्पल काढा. मोबाईल इथं ठेवा.
शाल राहू दे, तिचं वजन मला माहीत आहे.
एकसष्ट चारशे.
मग दोन सुया, चार तास,
आणि परत काट्यावर: अठ्ठावन्न नऊशे.
मधलं सगळं पाणी.
माणसाचं कोरडं वजन असतं,
तिथवर त्याला आणून सोडायचं, दिवसाआड.

हे घरी सांगितलं तेव्हा
आम्ही दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो होतो.
पप्पांचा घास हातातच राहिला.
"ओली हळद आली तर आम्ही पण घट धरतोय.
तुमच्यात किती धरायची ते कोण ठरवतंय?"
"डॉक्टर."
"आणि काटा कोण बघतंय?"
"मी."
त्यांनी आईला आणखी एक भाकरी मागितली.
एरवी दोनच खातात.

गेल्या महिन्यात दस्तगीर मामा आले, यार्डातले हमाल.
पप्पांच्या काट्यावर आयुष्यभर पोती टाकली,
स्वतः कधी चढले नव्हते.
"आमचं कशाला तोलतीस पोरी?"
म्हणत म्हणत चढले, टोपी काढून.
बावन्न सहाशे.

मशीन फिरायला लागल्यावर छताकडं बघत म्हणाले,
"हे किती पडतंय गं?"
"तुम्ही योजनेत आहात मामा, काही पडत नाही."
"मला न्हाई. तुला. तुला किती पडलं, हे शिकायला?"
मी सुईवर टेप लावत होते.
आकडा मला पाठ आहे.
अलमास आता पुण्यात बावीस घेते, खोलीभाडं सात, तेही पाठ आहे.
"अजून चौतीस हप्ते," म्हणाले.
"म्हंजे खांद्यावरच हाय अजून,"
आणि हसले,
हसताना हात हलवू नका म्हणून मला ओरडावं लागलं.

घरी पप्पांनी एवढंच विचारलं,
"किती भरला दस्तगीर?"
"बावन्न सहाशे."
"बारदान धरून?"

मला सांगता येईना.
उद्या पाच तारीख होती,
मी मोबाईल काढून खात्यात किती आहेत ते बघत राहिले.