घोटभर

भट्टीवरून तशीच आले.
हॅडॉक माशाचा धूर नखांतून जात नाही,
तीनदा साबण लावला तरी.
आर्ब्रोथच्या त्या शाळेत मला बसायला दिली
मुलांचीच खुर्ची, गुडघे हनुवटीशी.
समोर मिसेस गिलख्रिस्ट, शेजारी नवे मास्तर ऑख्टरलोनी,
ज्यांचं नाव माझी मुलगी पहिल्याच दिवशी
एकही चूक न करता लिहून आली
आणि जे तिला अजून 'युना' म्हणतात.

फाईल उघडली.
गणितात अठ्ठ्याण्णव.
वाचन वयाच्या चार वर्षं पुढे.
विज्ञानाच्या वहीत एकच लाल खूण,
तीही मास्तरांची चूक,
तिनं खाली पेन्सिलीनं, नम्रपणे सुधारलेली.

'मग अडचण नेमकी काय आहे?
खरंच गरज असलेली मुलं आहेत आमच्याकडे.'

खरंच.
हा शब्द त्यांनी ठेवला
मऊ उशीसारखा
माझ्या तोंडावर.

मला बोलता येत नाही असं नाही.
धक्क्यावर पहाटे मी होडीवाल्यांशी भाव करते,
चार शिव्या देते, दोन घेते.
पण शाळेच्या खोलीत शिरले की
मी पुन्हा नऊ वर्षांची,
खिडकीकडच्या बाकावर,
आणि कुणीतरी ओरडतंय, 'स्विंटन, कुठे हरवलीस?'

म्हणून बोलले नाही.
पिशवीतून बाटली काढली
आणि टेबलावर ठेवली.
निळी. झाकणावरचा पफिन पक्षी खरचटलेला.
काठोकाठ भरलेली.

ही मी सकाळी आठला भरते.
साडेतीनला अशीच परत येते.
ऑगस्टपासून.

प्यायलं तर जावं लागतं.
गेलं तर तिथे भिंतीवर हात वाळवायचं यंत्र आहे,
कुणाचाही हात खाली आला की भुंकणारं.
ती म्हणते, आई, तो आवाज बाहेर नसतो,
माझ्या दातांत असतो.
तर तिनं हिशेब केला, तुम्हीच शिकवलेल्या रीतीनं,
पायऱ्या दाखवून:
पाणी शून्य, तर फेऱ्या शून्य.
उत्तर बरोबर आहे.
किती गुण द्याल?

'पण ती कधी काही बोलली नाही.'

तुम्ही विचारलंत, सगळं ठीक ना?
सगळं म्हणजे काय काय, हे तिला कळेना.
म्हणून ती हो म्हणाली.

चारला आमचं दार उघडतं.
बूट एकीकडे, दप्तर दुसरीकडे,
ती जिन्याखालच्या कपाटात, कोटांच्या मध्ये,
आणि तिथून भरती-ओहोटीचं कोष्टक ऐकू येतं,
पहाटे चार एकेचाळीस, चार पूर्णांक सहा मीटर,
दुपारी पाच तीन,
पुढच्या आठवड्यापर्यंत, त्याच्याही पुढच्या.
मग बाहेर येऊन एक पेला, उभ्यानंच,
घटाघटा, गळ्यावरून ओघळत.
हे तुमच्या फायलीत नाही.
तुमच्याकडे ती ठीक असते.
त्या ठीकचं बिल आमच्या घरी येतं.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मास्तरांनी बाटली उचलली, हातात तोलली.
कुणी कुणाचं पाणी जोखलं, देव जाणे.
'कागदी रुमाल चालतील तिला?'
तिलाच विचारा, म्हटलं, पण चिठ्ठीवर.
ती लिहून उत्तर देते, लांबलचक.
आणि वर ऊना लिहा. दीर्घ ऊ.

घरी पत्र आलं:
पालकांनी पाण्याविषयी चिंता व्यक्त केली.
एवढंच. मी ते चुलीत घालणार होते,
मग ठेवलं, बिलांच्या खाली.

अकराव्या दिवशी यंत्रावर पिवळी पट्टी लागली.
बाराव्या दिवशी बाटली आली
दोन बोटं कमी.
मी खिडकीशी उजेडात धरून बघत राहिले.
'काय बघतेस, आई?'
ओहोटी, मी म्हणाले.
तिनं घड्याळ पाहिलं, बंदराकडे पाहिलं.
'चुकतेस,' ऊना म्हणाली,
'आत्ता भरती आहे.'