मानेमागचा नंबर

मेट्रनबाई गेल्या, त्याच्या पाचव्या दिवशी
पुण्याहून भाच्याचा फोन:
बाहुल्यांची किंमत काढा काका,
विकतील त्या विका, उरतील त्यांना बघा एखादं घर.
मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस.
पण दारव्ह्यात डोळ्याला भिंग लावणारा
दुसरा आहे कोण?

अकरा होत्या. डोकी चिनी मातीची, पंजे चिनी मातीचे,
मधलं सगळं कापड.
मिशनच्या डॉक्टरीणबाया परत जाताना ठेवून गेलेल्या,
तीन मात्र सुवार्ताबाईंनी स्वतःच्या पगारातून घेतलेल्या.
केस उचलून मानेमागचा नंबर वाचायचा,
हे नागपूरच्या व्यापाऱ्यानं फोनवरच शिकवलं.
झाकणाच्या आत घड्याळाचा असतो, तसाच.
वहीत रकाने आखले:
नंबर, उंची, डोळे, तडा, किंमत.

तडा काही मला दिसेना.
म्हणून बेबीनंदाला बोलावलं कुंभारपुऱ्यातून,
दर भादव्यात भुलाबाई घडवते ती.
एकेकीच्या कपाळावर तिनं टिचकी मारली,
कान लावला, माठ घेताना लावतात तसा.
"हिले भट्टी चांगली भेटली.
हे भद्द वाजते, आतून गेली हाय.
पण बापा, इतकी वर्सं घरात?
शिरवलीच नाई कोणी?"

व्यापारी आला शनिवारी, हातात पांढरे मोजे.
झगे वर करून पाहिले आणि आठ्या घातल्या.
पोटातला भुसा मूळचा नाही.
नव्हताच. तो उंदरांनी नेल्यावर बाईंनी
जिनातला कापूस भरला होता,
दाबलं तर एखादी सरकी अजून बोटाला लागते.
आणि ही भोकं कसली?
मांड्यांवर, दंडांवर, बारीक, शेकड्यानं. कसर लागली का?

मी भिंग पुसत बसलो.
चहा घेऊन आलेला शेषराव दारातूनच म्हणाला,
"सुया हायेत त्या, साहेब.
आधी तिले टोचे बाई, मंग आमाले.
ते रडे नाई, म्हून आमी बी नाई."

दोनच नेल्या त्यानं,
काचेच्या कपाटातल्या, कधी कामावर न गेलेल्या.
पैसे चांगले दिले, खोटं कशाला बोलू.

मग गावात बातमी फुटली.
जिनातला एक हमाल आला, पन्नाशीचा,
भुवयांना कापूस चिकटलेला.
निळ्या डोळ्याची हाय का अजून, करंगळी तुटलेली?
कुत्रं चावलं होतं त्याला, लहानपणी.
"चवदाच्या चवदा, पोटात.
आधी तिच्या, मंग माह्या."
मी झगा वर करून मोजायला लागलो
आणि सातावर थांबलो.
त्यानं पिशवी उलटी करून दोनदा झटकली,
मग तिला आत ठेवलं, डोकं वर.
किती द्यायचे, विचारलं त्यानं.
मी वही दुसऱ्या पानावर उघडली.

सगळे असेच आले असंही नाही.
एका गुरुजींना फक्त गोरी हवी होती, शोकेससाठी.
मी म्हटलं, सगळ्या संपल्या.
भद्द वाजणारी बेबीनंदानं नेली,
भुलाबाईच्या शेजारी बसवायला, महिनाभराची पाहुणी.
"शिरवत नाई हिले, वापस आणून देतो," म्हणाली.
कोजागिरी होऊन गेली.
तिनं आणली नाही, मी विचारलं नाही.

आता एकच उरली आहे, भिंतीवरच्या घड्याळांखाली.
निजवली की डोळे मिटणाऱ्या जातीची.
आत शिशाचं वजन असतं, लंबकासारखं,
तेवढं मला कळतं.
एक पापणी अडकली आहे.
उघडून पाहायचं तर केस काढावे लागतील,
आणि बिल फाडायचं कुणाच्या नावानं?
दुपारी जेवायला जाताना तिला आडवी करतो.
एक डोळा झोपतो.
दुसरा दाराकडे.