बिलबुकाच्या पाठीमागे

तापकीर गल्लीत मीटरच्या दुकानाला लागून जो जिना,
त्याच्या पोटात आमचं दुकान. सहा बाय नऊ.
स्पीकरची कॉइल भरून मिळेल.
गणपतीनंतर दोन महिने मान वर करता येत नाही.
मग मार्गशीर्षात ग्लॅडविन साळवे येतो
क्वार्टर गेटहून, सायकलवर,
पाठीला चौकोनी पिशवी.

"यंदा चार आल्यात. कस्टमवाल्यांनी एकीचा कोपरा दुमडला."

त्याला घरी लावता येत नाहीत, खाली दातांचे डॉक्टर.
माझ्याकडे नुकताच भरलेला अठरा इंची असतो,
त्याला चाचणीला काहीतरी लागतंच.
पैसे नाहीत. तो खारी आणतो.

पहिली ब्रिस्टलची.
जुन्या कुठल्यातरी ड्रमचा तुकडा
कोथिंबिरीसारखा बारीक चिरलेला, देठांसकट.
मिनिटाला एकशे सत्तर. मी मोजले;
वेढे मोजून मोजून ती सवयच झालीय.
आणि खाली बास, बरोबर निम्म्या चालीनं.
वर बोहरी आळीतली शनिवारची गर्दी
आणि तिच्या पोटातून एकटा माणूस
हात मागे बांधून निघालाय,
त्याला काहीच घ्यायचं नाहीये.
कोन अर्धा इंच पुढे आला. गोंदानं धरलं.
चांगली आहे.

दुसरी नाही आवडली.
"याला जंगल म्हणतात," ग्लॅडविन म्हणाला.
म्हटलं, झाडं कमी पडली.
करणारा मुलगा नवा असेल,
थांबलो तर लोक उठून जातील
अशी भीती प्रत्येक ठोक्यात.
उलटी बाजू ऐकलीच नाही.

तिसरीत म्हातारा गातो. जमैकाचा.
इंग्रजीच, पण शब्दांच्या कडा झिजलेल्या,
टाकीला आलेल्या वरवंट्यासारख्या.
एक ओळ पुरती म्हणूनही देत नाहीत त्याला,
कापतात, आणि तुकडा
पायऱ्या उतरत लांब लांब जातो.
रेगेची गिटार पडते कुठे?
आपण टाळी देऊन हात मागे घेतो
तिथे.

दिगंबर खळदकर ॲम्प्लिफायर न्यायला आला होता.
चाळीस वर्षं ताशा. उभ्या उभ्या
काउंटरवर बोटांनी तर्री धरली त्यानं,
आणि चुकला.
मी त्याला चुकताना कधी पाहिलं नव्हतं.
इकडेतिकडे बघून म्हणाला, "परत लाव."
ग्लॅडविनचा चेहरा खुलला. म्हणे तिकडेही असंच,
लोक ओरडले की गाणं मध्येच थांबवून
पहिल्यापासून घेतात.
मग सुई मागे.
मग पुन्हा मागे.
शेजारचा बॅटरीवाला येऊन बघून गेला.
ॲम्प्लिफायर तसाच पडून.

आत स्टुलावर अण्णा.
बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे स्पीकर तपासण्यात
कान गेले. मशीन लावत नाहीत,
त्यात फक्त रिक्षा ऐकू येतात म्हणतात.
ते उठले, आणि खोक्यावर तळहात ठेवला.
आम्ही तिघंही गप्प.
म्हाताऱ्याचा तुकडा पायऱ्या उतरत होता,
ड्रम काढून घेतलेले, नुसता बास,
अण्णांच्या बाहीचं बटण थरथरत होतं.
मला वाटलं आता काहीतरी बोलतील,
गाण्याबद्दल.

"स्पायडर तिरका बसवलायस.
चाराच्या काट्यापाशी घासतोय."

उघडला.
चाराच्या काट्यापाशी, नखाएवढं.
खळदकर इतका हसला की खारीचा चुरा
माझ्या गोंदात पडला.

आता पुन्हा सोडवायचा, पुन्हा मध्य काढायचा,
रात्रभर वजनाखाली ठेवायचा.
दुमडल्या कोपऱ्याची रेकॉर्ड ग्लॅडविन
कपाटावर ठेवून गेलाय, प्लॅस्टिकही न फाडता.
जाताना अण्णांनी तिच्यावरही एकदा हात ठेवला.

अठरा इंची, नग एक. मजुरी माफ, चूक आमची.
चाचणी: तीन.
चौथी बाकी.